आयरिश पूर्वजाचं मूळ गाव कसं शोधावं

माझ्या नवऱ्याच्या आजींचं माहेर भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं. घरात इंग्रजी, मराठी, हिंदी अशी मिसळ बोली, रविवारी चर्च, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं एकच वाक्य: "मूळ पुरुष आयर्लंडचा, पलटणीतून आला." त्यापुढे काहीच नाही. आजी आणखी एक गोष्ट सांगायच्या. त्यांचे पणजोबा शेवटच्या दुखण्यात भ्रमात बोलायचे, तेव्हा त्यांच्या तोंडी सारखा "नीना" हा शब्द यायचा. घरच्यांनी ठरवून टाकलं होतं की नीना ही तिकडे मागे राहिलेली बहीण असणार, नाहीतर पहिली बायको.

त्या नीनाचा छडा लागायला चार वर्षं गेली. त्यातली पहिली दोन वाया गेली, कारण मी शोध चुकीच्या टोकाने धरला होता. नाव हाती होतं म्हणून सरळ आयर्लंडची दप्तरं उघडली. त्या नावाची शंभरेक माणसं सापडली आणि त्यातला आपला कोण हे ठरवायला काहीच आधार नव्हता. हाच शोध घेऊ पाहणाऱ्यांची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. खरं नाव इथे देत नाही, सोयीसाठी त्यांना मायकल रायन म्हणू.

आधी काय शोधायचं ते ठरवा

कोणी "आम्ही मूळचे कोकणातले" म्हणालं की आपण लगेच विचारतो, कोकणात कुठले? तालुका कोणता, गाव कोणतं, वाडी कोणती? आयर्लंडचंही तसंच आहे. तिथे चार प्रांत आणि ३२ काउंट्या, म्हणजे आपले जिल्हे म्हणा. काउंटीच्या पोटात बॅरनी, त्याखाली पॅरिश आणि सगळ्यात खाली टाउनलँड. टाउनलँड म्हणजे आपली वाडी. काही टाउनलँड शेकडो एकरांची, काही जेमतेम चार-सहा घरांची. अशी साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत आणि एकच नाव दहा ठिकाणी सापडतं.

तुमचं लक्ष्य ही वाडी, निदान पॅरिश. देश कळून उपयोग नाही, काउंटी कळूनही फारसा नाही. तिथल्या बहुतेक जुन्या नोंदी पॅरिशवार ठेवलेल्या आहेत. शिवाय सरकारी हिशेबाचा पॅरिश वेगळा आणि कॅथलिक चर्चचा वेगळा. दोघांच्या हद्दी जुळत नाहीत, कधी नावंही जुळत नाहीत. लोगेनम नावाची आयरिश स्थळनामांची मोफत सूची आहे. ती पहिल्या दिवसापासून हाताशी ठेवा.

आपल्या नावात बापाचं नाव असतं, त्यामुळे अर्धी ओळख तिथेच पटते. नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्या सापडतात. गरीब आयरिश कुटुंबासाठी असं काही नव्हतं. नुसत्या "मायकल रायन"वरून काही ठरत नाही. म्हणून गावाचं नाव सांगणारा कागद आधी आयर्लंडच्या बाहेर मिळवायचा, आणि तो हाती आल्यावरच आयर्लंडची दप्तरं उघडायची.

सुरुवात घरातून

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी बसा आणि ते बोलतात ते जसंच्या तसं उतरवा. अर्थ लावू नका, उच्चार दुरुस्त करू नका. मी "नीना" हा शब्द वहीत "बहिणीचं नाव" म्हणून लिहिला होता. नुसता शब्द लिहिला असता तर फार आधी उलगडा झाला असता.

मग ट्रंका उघडा. प्रार्थनेच्या पुस्तकाचं पहिलं पान, फोटोच्या मागचा मजकूर, मृतांच्या स्मरणार्थ छापलेली छोटी कार्डं, पदकं. पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि पलटणीचं नाव बहुधा कोरलेलं असतं, ते भिंग लावून पाहा. थडगं असेल तर तिथे जा. आयरिश माणसाच्या थडग्यावर कधीकधी काउंटीचं, क्वचित गावाचंही नाव असतं.

आणि तुमच्या माणसापुरतं थांबू नका. त्याचे भाऊ-बहिणी, लग्नातले साक्षीदार, मुलांच्या बाप्तिस्म्यातले धर्मपालक, म्हणजे गॉडफादर आणि गॉडमदर, या सगळ्यांची नावं टिपून ठेवा. ते ओझं वाटतं, पण आमचं काम शेवटी अशाच एका साक्षीदाराने केलं.

तो जिथे मेला, तिथले कागद

ज्यांचे पूर्वज भारतात आले त्यांच्यासाठी पहिलं ठिकाण फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ. तिथे भारतातल्या ख्रिस्ती बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या नोंदींची मोफत अनुक्रमणिका आहे. ती ज्यांच्यावरून केली त्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. एन-१ म्हणजे बंगाल, एन-२ मद्रास, एन-३ मुंबई इलाखा. इथल्या चर्चमधून दरवर्षी नकला पाठवल्या जात, त्यांची ही बाडं. पानांच्या प्रतिमा फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी या संस्थेची सूचीही मोफत आहे.

एक अडचण लक्षात ठेवा. कॅथलिक चर्चमधल्या सगळ्याच नोंदी लंडनला गेल्या नाहीत. तिकडे नाव नसेल तर छावणीच्या जवळच्या जुन्या कॅथलिक चर्चला नम्रपणे पत्र लिहा. पुण्यात एम्प्रेस गार्डनजवळचं सेंट पॅट्रिक चर्च मुळात आयरिश कॅथलिक शिपायांसाठी उभं राहिलं, पॅट्रिक हा आयर्लंडचाच संत.

नोंद मिळाली की सगळे रकाने उतरवा. मुलाच्या बाप्तिस्म्यात बापाचा हुद्दा आणि पलटण असते, लग्नाच्या नोंदीत नवऱ्या मुलाच्या बापाचं नाव मिळू शकतं. आम्हाला खडकीच्या लग्नात बापाचं नाव मिळालं, डॅनियल. साक्षीदार होता ग्लीसन आडनावाचा शिपाई.

पूर्वज दुसरीकडे गेला असेल तर तिथली खास दप्तरं वेगळी. ऑस्ट्रेलियातल्या मृत्युदाखल्यांवर बहुधा आईबापांची नावं आणि जन्मस्थळ मिळतं. न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेने १८५० पासून खातेदारांच्या गावांची आणि नातलगांची माहिती टिपून ठेवली. बॉस्टनच्या 'पायलट' या वृत्तपत्रात १८३१ पासून हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती येत, त्यात पॅरिशचं नाव असे. इंग्लंडच्या जनगणनेत मात्र बहुतेक वेळा जन्मस्थळ म्हणून नुसतं "आयर्लंड" लिहिलेलं असतं.

शिपायाचा कागद

१८३० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यातले सुमारे ४२ टक्के शिपाई आयरिश होते. झाशीच्या तटावर १८५८ मध्ये चढलेली ८६ वी पलटण काउंटी डाउनच्या नावाची होती. त्यामुळे भारतात आलेला साधा आयरिश माणूस बहुतेक वेळा शिपाई असतो आणि शिपायाचे कागद फार बोलतात.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत तो भरती झाला असेल तर ब्रिटिश लायब्ररीतल्या लष्करी दप्तरात भरतीच्या याद्या पाहायच्या. १८५७ नंतर कंपनीच्या गोऱ्या पलटणी राणीच्या सैन्यात गेल्या. त्यानंतरचे कागद लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये. तिथली डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे युद्धखातं) ९७ ही मालिका तुमच्यासाठी सर्वांत मोलाची. तिच्यात १७६० ते १९१३ पर्यंतचे निवृत्तीचे कागद आहेत, पण १८८३ पूर्वीचे फक्त पेन्शन मिळालेल्यांचे. पेन्शनआधी मेलेला किंवा पळून गेलेला शिपाई तिथे सापडत नाही. त्याच्यासाठी पलटणीच्या हजेरीपटाचा, म्हणजे डब्ल्यूओ १२ चा आधार घ्यावा लागतो.

हा निवृत्तीचा कागद छापील नमुन्याचा असतो. वर पलटणीचं नाव, खाली शिपायाचं, आणि मग ती ओळ जिच्यासाठी एवढी धडपड: अमुक पॅरिशमध्ये, अमुक शहरात किंवा शहराजवळ, अमुक काउंटीत जन्मलेला. पुढे भरतीच्या वेळचं वय, धंदा, उंची, डोळ्यांचा रंग. आमच्या कागदावर धंदा "मजूर" होता. काउंटीच्या जागी टिपरेरी. शहराच्या जागी कारकुनाने वळणदार अक्षरात एक शब्द लिहिला होता, त्याच्या शेवटी जी आणि एच. स्पेलिंग बघून मला काही बोध होईना. लोगेनमवर गाव सापडलं, मग त्याचा उच्चार ऐकायची सोय इंटरनेटवर शोधली. बटण दाबलं आणि लॅपटॉपमधून एक शांत आवाज म्हणाला, "नीना."

उत्तर टिपरेरीतलं बाजारपेठेचं गाव. नीना ही बहीण नव्हती आणि बायकोही नव्हती.

या कागदावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. भरतीच्या वेळी पोरं वय वाढवून सांगत, काही खोट्या नावाने भरती होत. शहर म्हणून जवळची मोठी बाजारपेठ सांगितली जाई, खरं गाव पाच-सात मैलांवर असे. आमच्याही कागदावर पॅरिशच्या जागी पुन्हा नीनाच लिहिलं होतं. पलटणीच्या नावानेही फसू नका. मुंबईची १०३ वी पलटण १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन झाली. तिच्या जुन्या शिपायांत डब्लिनशी काडीचा संबंध नसलेले अनेक होते.

अशा वेळी बरोबरच्या माणसांचे कागद काढायचे. लग्नाचा साक्षीदार ग्लीसन त्याच पलटणीतला. त्याच्या कागदावर पॅरिशचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं, नीनाच्या पूर्वेला काही मैलांवर. एका वाडीतली पोरं मिळूनच भरतीला जात, जशी आपल्याकडे एका गावची पोरं गिरणीत लागत.

नावांची रूपं

शोधपेटीत नाव टाकण्याआधी एका कागदावर त्याची सगळी रूपं लिहून काढा. नावाआधीचा "ओ" एकोणिसाव्या शतकात हवा तसा गळत होता आणि शतकाच्या शेवटी अनेकांनी तो पुन्हा लावला. म्हणून सलिव्हन आणि ओसलिव्हन, कॉनर आणि ओकॉनर दोन्ही शोधा. मॅकचंही तसंच. पहिली नावंही बदलतात. ब्रिजेटची बिडी किंवा डीलिया होते, होनोराची नोरा. आयरिश भाषेतला डिअरमुड इंग्रजी कागदावर जेरमाया होतो, ताइगचा टिमथी होतो. एकाच बाईचं नाव तीन मुलांच्या बाप्तिस्म्यात तीन तऱ्हांनी आढळलं तर दचकू नका.

जागांची नावंही बदलली. जुन्या कागदावरची क्वीन्स काउंटी म्हणजे आजची लीश, किंग्ज काउंटी म्हणजे ऑफली, क्वीन्सटाउन बंदर म्हणजे कोव्ह.

आयर्लंडमध्ये काय जळलं, काय उरलं

"आयर्लंडच्या सगळ्या नोंदी जळाल्या" असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दप्तर उद्‌ध्वस्त झालं. त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतांश भाग आणि अँग्लिकन चर्चच्या बऱ्याच वह्या गेल्या. १८६१ ते १८९१ च्या जनगणना सरकारनेच नष्ट करून टाकल्या होत्या. पण कॅथलिक चर्चच्या वह्या त्या इमारतीत नव्हत्याच, आणि जन्म-मृत्यूची नोंदणीही नव्हती.

म्हणून आज हाताशी काय आहे ते पाहा. १९०१ आणि १९११ ची जनगणना संपूर्ण, आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्हजच्या संकेतस्थळावर मोफत. बिगर-कॅथलिक लग्नांची सरकारी नोंद एप्रिल १८४५ पासून, बाकी सगळे जन्म, मृत्यू आणि लग्नं १ जानेवारी १८६४ पासून. त्यांच्या प्रतिमा आयरिशजीनिऑलॉजी या सरकारी संकेतस्थळावर मोफत, मात्र जन्माला १००, लग्नाला ७५ आणि मृत्यूला ५० वर्षं झाल्यावरच. उत्तरेकडच्या सहा काउंट्यांसाठी बेलफास्टचं सरकारी दप्तर वेगळं आहे.

वयाच्या बाबतीत सावध राहा. जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या माणसांना पेन्शन सुरू झाली. त्यामुळे १९०१ ते १९११ या दहा वर्षांत कितीतरी आयरिश माणसं पंधरा-पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली दिसतात. त्याच पेन्शनमुळे एक फायदाही झाला. वयाचा पुरावा म्हणून १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतले उतारे काढले गेले. मूळ जनगणना जळली, पण त्या अर्जांतली अनेक कुटुंबं शाबूत आहेत. आर्काइव्हजच्या संकेतस्थळावर जनगणनेचे शोध-अर्ज म्हणून ती पाहता येतात.

चर्चच्या वह्या

१८६४ पूर्वीच्या कॅथलिक माणसासाठी हाच मुख्य आधार. आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये साधारण १८८० पर्यंतच्या वह्यांच्या प्रतिमा मोफत खुल्या केल्या. फाइंडमायपास्टवर त्यांची अनुक्रमणिकाही मोफत आहे. पण सूची करणाऱ्यांनी अक्षर चुकीचं वाचलेलं असू शकतं. पॅरिश कळला असेल तर अपेक्षित वर्षाच्या मागे-पुढे पाच वर्षं एकेक पान स्वतः वाचा. पॅरिशची वही कोणत्या वर्षापासून आहे हेही आधी पाहा. शहरांत अठराव्या शतकापासूनच्या वह्या मिळतात, पश्चिमेकडच्या गरीब भागांत बऱ्याच १८३० नंतरच्या.

बऱ्याच नोंदी लॅटिनमध्ये असतात, त्याला घाबरू नका. शाळेत संस्कृतच्या विभक्ती पाठ केलेल्या माणसाला ही पानं सोपी जातात. "मिकाएलेम" ही द्वितीया: मायकलला बाप्तिस्मा दिला. "डॅनिएलिस" ही षष्ठी: डॅनियलचा. जाकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. शेवटी दोन नावं गॉडफादर-गॉडमदरची. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे या वह्यांत आईचं माहेरचं आडनाव असतं. बाप आणि आई, अशी दोन आडनावांची जोडी मिळाली की शोध एकदम आवळतो.

ग्रिफिथ: तिकडचा सातबारा

१८४७ ते १८६४ या काळात देशभर जमिनीचं आणि घरांचं मोजमाप झालं. ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन म्हणतात ते हेच. आस्क अबाउट आयर्लंड या संकेतस्थळावर नकाशासकट मोफत पाहता येतं. कुळाचं नाव, मालकाचं नाव, क्षेत्र, आकारणी. नोंदीतला आकडा म्हणजे नकाशावरचा तुकडा, त्यापुढचं बारीक अक्षर म्हणजे घर. त्याआधीच्या पिढीसाठी १८२३ ते १८३७ मधल्या टाइद, म्हणजे चर्चसाठी शेतीवर घेतलेल्या कराच्या याद्या आहेत, पण त्यात भूमिहीन मजूर नाहीत.

ग्रिफिथनंतर जमीन हातोहात गेली की जुनं नाव खोडून नवं लिहीत. वेगवेगळ्या वर्षांसाठी वेगळ्या रंगांची शाई. हे तिकडचे फेरफार. माणूस केव्हा मेला किंवा परदेशी गेला याचा अंदाज त्यावरून लागतो. उत्तरेकडच्या वह्या ऑनलाइन आहेत, बाकीच्यांसाठी डब्लिनच्या टाल्टे एअरन या सरकारी संस्थेकडे (२०२३ पर्यंतचं जमीन मूल्यांकन दप्तर) विचारणा करावी लागते.

उत्तर टिपरेरीत रायन इतके की गावोगावच्या पाटलांसारखे. म्हणून तिथे आडनावापुढे टोपणनाव चालायचं, आणि ग्रिफिथमध्येही ते छापलेलं दिसतं: रायन बॉन म्हणजे गोरे रायन. अशी जोड दिसली तर ती सोडू नका, तीच शाखा ओळखायची खूण.

दोन मायकल

पॅरिश सापडल्यावरही काम संपलं नाही. शेजारच्या दोन पॅरिशमध्ये दीड वर्षाच्या अंतराने दोन मायकल रायन जन्मले होते, आणि दोघांच्याही बापाचं नाव डॅनियल. एकाची आई मेरी केनेडी, दुसऱ्याची होनोरा ग्लीसन. सार्वजनिक वंशवृक्षांवर कोणीतरी पहिला मायकल आमच्या घराण्याला जोडून टाकला होता, पुराव्याविना. मीही काही महिने तोच धरून बसले होते.

अशा वेळी एकाला सिद्ध करण्याइतकंच दुसऱ्याला बाद करणं महत्त्वाचं. केनेडीच्या मायकलचा माग काढला, तर १८६६ मध्ये त्याच वाडीत तो आपल्या मुलीचा जन्म नोंदवताना सापडला. आमचा त्या वर्षी मुंबई इलाख्यात हजेरीपटावर होता. राहिला तो होनोराचा मुलगा. मग बाकीच्या गोष्टी जुळत गेल्या. लग्नाचा साक्षीदार ग्लीसन, म्हणजे आईच्या माहेरचा. आयरिश घरांत बहुधा पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची आणि दुसरी बापाच्या आईच्या नावाची असे. आमच्या मायकलच्या दुसऱ्या मुलीचं नाव होनोरा.

नावांची ही रीत एकटी पुरावा होत नाही, पण इतर कागदांच्या जोडीला तिचं वजन पडतं. वहीत प्रत्येक दुव्यापुढे मी तीनपैकी एक शब्द लिहिते: पक्का, संभाव्य, नुसता अंदाज. कोणत्या नोंदीवरून लिहिलं तेही शेजारी.

डीएनए चाचणी

कागद संपले की मग चाचणी करा, आणि घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाची करा. पाच पिढ्या मागच्या एका पूर्वजाचा आपल्यात सरासरी तीन टक्केच अंश असतो, दर पिढीला तो निम्मा होतो. आजींची चाचणी माझ्या मुलाच्या चाचणीपेक्षा कितीतरी कामाची ठरली. "इतके टक्के आयरिश" या आकड्यावरून गाव कळत नाही. उपयोग असतो तो जुळणाऱ्या नातलगांच्या यादीचा. त्यांच्यात ग्लीसन आडनाव आणि टिपरेरी एकत्र दिसतंय का, हे पाहायचं. आजींच्या यादीत असे दोघे निघाले, दोघेही ऑस्ट्रेलियात. त्यांच्या दुव्यापुढे सध्या "संभाव्य" लिहिलेलं आहे.

वाडी नकाशावर

टाउनलँडचं नाव पक्कं झालं की १८३० ते ४० च्या सुमारास झालेल्या मोजणीचे सहा इंची (एका मैलाला सहा इंच) नकाशे उघडा, तेही मोफत पाहता येतात. त्यावर घरं बारीक काळ्या चौकटींनी दाखवलेली आहेत. ग्रिफिथचा नकाशा त्याच्या शेजारी ठेवा, मग आजचा उपग्रहनकाशा. ग्रिफिथमधल्या डॅनियल रायन बॉनच्या तुकड्यावर आज घर नाही. दोन शेतांमधल्या बांधाला एक वाकडं वळण आहे आणि तिथे झाडांचा पुंजका, बस.

१९०१ च्या जनगणनेत त्याच वाडीत एक रायन कुटुंब आहे, बहुधा मायकलच्या धाकट्या भावाचं. तिथून पुढची पावलं १९११, मग मृत्यूच्या नोंदी, मग तिथल्या पॅरिशला पत्र. पत्रात सगळी वंशावळ पाठवू नका. एका पानात वाडी, आईबापांची नावं, साल आणि एकच प्रश्न लिहा. माझं पत्र गेल्या महिन्यात गेलं. आजींनी त्याच्या खाली स्वतःच्या हाताने सही केली आणि माहेरचं आडनाव दोनदा गिरवलं.